वीस ब्रिक्स म्हणजे नेमके किती?

तोडणीच्या तोंडावर फडात ब्रिक्सवरून वाद होतात. ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात विरघळलेले घटक किती ग्रॅम, एवढेच. त्यात बहुतांश साखर असते, सगळी नव्हे.

मीटरवर शंका असेल तर आम्ही सांगतो तसे करून पाहा. आधी स्वच्छ पाण्यावर शून्य लावा. मग किराणा दुकानाच्या काट्यावर 200 ग्रॅम साखर अन् 800 ग्रॅम पाणी तोलून घ्या, साखर पूर्ण विरघळू द्या. मीटरने 20 दाखवले पाहिजे. गफलत इथेच होते. लिटरभर पाण्यात 200 ग्रॅम साखर टाकली, की द्रावण 1200 ग्रॅमचे होते अन् आकडा येतो 16.7. मग शिव्या बिचाऱ्या मीटरला!

हे सांगायचे कारण पैशाचे आहे. 2025-26 हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये. त्यावर दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये, म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. उतारा सबंध कारखान्याचा धरतात. एकाचा कोवळा ऊस आला तरी झळ सर्वांना.

आणखी एक. आपल्या नांदेड-लातूरकडे मार्चात दुपारी रस तापतो, अन् साधा मीटर ब्रिक्स कमी दाखवतो. नमुना सकाळीच, सावलीत पाहावा.