फ्रीलान्सरचा टॅक्स: बिलं जमवण्याआधी ४४एडीए बघा

नोकरी सोडून फ्रीलान्सिंगला लागलेले मित्र हमखास विचारतात, "लॅपटॉपची, इंटरनेटची बिलं जपून ठेवू ना?" ठेवा की. पण आपल्यासारख्यांचा खर्च असतोच किती? खरा पैसा वाचतो तो आयकराच्या कलम ४४एडीएमुळे.

आकडेच घेऊया. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी कररचना. वर्षाची जमा १८ लाख, खर्च ३ लाख, बाकी उत्पन्न काही नाही असं धरा. साध्या हिशोबाने नफा १५ लाख आणि सेससकट टॅक्स १,०९,२०० रुपये. ४४एडीए घेतलं, तर निम्मी जमा खर्च म्हणून धरली जाते, बिलं न मागता. उरले ९ लाख. १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे टॅक्स शून्य! क्लायंटने कापलेला टीडीएससुद्धा परत येतो, पण त्यासाठी रिटर्न भरावाच लागतो.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए आणि आपण आयटीवाले यात बसतो. पगाराला हे लागू नाही. मर्यादा ५० लाखांची. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख.

आता गोची. रिटर्नमध्ये ९ लाख दिसले की होम लोन देताना बँकही साधारण तेवढंच उत्पन्न धरते. पुढच्या दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं असेल तर हा विचार आत्ताच करा. निम्मं ही किमान अट आहे, जास्त दाखवायला कायदा अडवत नाही. आणि जमा २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आलीच. त्यावर पुढच्या भागात बोलू.