मनात आणणे आणि मनावर घेणे



दरवर्षी लागणीच्या आधी आम्ही ऊस विकास विभागाचे कर्मचारी गावोगावी बैठका घेतो. "औंदा एकरी शंभर टन काढायचाच," असे म्हणणारे सभासद तेथे पुष्कळ भेटतात. कुणाला सोसायटीचे कर्ज फेडायचे असते, कुणाला मुलीला पुढे शिकवायचे असते. उमेद चांगलीच आहे. परंतु तोडणीनंतर वजनाच्या पावत्या जुळवल्या म्हणजे थोड्याच जणांचे म्हणणे खरे झालेले दिसते. एकाच शिवारातली जमीन, एकच पाणी, एकच जात. मग फरक पडतो कोठे? आमच्या अनुभवाप्रमाणे तो पडतो मनात आणणे आणि मनावर घेणे यांत. मनात आणायला एक बैठक पुरते. मनावर घेतलेले मात्र अडसाली उसात सोळा-अठरा महिने सांभाळावे लागते.

प्रथम हिशेब बघू. शंभर टन हा आकडा ऐकायला मोठा, पण त्याची फोड सोपी आहे. तोडणीला एकरी ४०,००० ऊस आणि एका उसाचे सरासरी वजन अडीच किलो, की झाले १०० टन. साडेचार फुटी सरी असेल तर एकरात सुमारे ९,७०० फूट सरी बसते. म्हणजे फुटाला चार-सव्वाचार पक्के ऊस हवेत. शंभर टनांचा धाक वाटत असेल तर या एका फुटाकडे बघावे. एवढे काम आपल्या आवाक्यातले आहे.

आता निर्धार ढिला कोठे पडतो ते पाहू. मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण बेण्याचे. बेणेमळ्यातले नऊ ते अकरा महिन्यांचे बेणे आणायचे ठरलेले असते. ऐन वेळी गाडी मिळत नाही, मजूर दारात उभे असतात, आणि शेजारी खोडवा तुटत असतो. "यंदा हेच लावू, पुढच्या साली बघू," असे म्हटले जाते. अशा बेण्याबरोबर काणी, गवताळ वाढ असले रोग शेतात येतात. एका दिवसाची सोय पुढे दीड वर्ष भोगावी लागते.

दुसरे ठिकाण नांग्यांचे. उगवण विरळ झाली तर महिन्याभरात नांग्या भरून घ्याव्यात. नंतर लावलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत दबते. एकरात हजार फूट सरी मोकळी राहिली तर वरच्या हिशेबाने चार हजार ऊस, म्हणजे दहा टन, तेथेच कमी झाले. शेजारचे ऊस थोडी भर काढतात, पण सगळी नाही.

तिसरे ठिकाण मोठ्या बांधणीचे, आणि खरी परीक्षा येथेच होते. अडसालीला शिफारशीप्रमाणे एकरी १६० किलो नत्र लागते. त्यातले ४० टक्के, म्हणजे ६४ किलो, बांधणीच्या वेळी द्यायचे असते. युरियात हे सुमारे १४० किलो होते. सोबत राहिलेले निम्मे स्फुरद आणि पालाशही द्यायचे असते. जुलैच्या लागणीची बांधणी दिवाळीच्या आगेमागे येते. घरात सण, कुणाचे लग्न ठरलेले, आणि खिसा मोकळा. हिरवागार ऊस बघून आपणच आपली समजूत घालतो, "आता काय, आलाच ऊस." हप्ता निम्मा पडतो, नाहीतर महिनाभर लांबतो. संकल्प कुणी मोडला असे वाटतही नाही. तो आपोआप विरतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. लागण झाली की त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नांग्या, खताचे हप्ते, बाळबांधणी आणि मोठी बांधणी यांच्या तारखा मांडाव्यात. घरातल्या मंडळींना त्या सांगाव्यात. आठवण करून देणारे माणूस घरातच असलेले बरे. बांधणीच्या खताचे पैसे सणाच्या आधी बाजूला काढावेत. सगळ्या रानाचा पण करण्याऐवजी पहिल्या वर्षी एकच एकर धरावा, आणि माती परीक्षण करूनच खताचा आकडा ठरवावा.

मनावर घेणे म्हणजे हट्ट धरणेही नव्हे. कालव्याची पाळी चुकली, अतिवृष्टी झाली, तर शंभराचे ऐंशी करावेत. त्यात कमीपणा नाही. पुढच्या कामाची तारीख मात्र सोडू नये. एक काम चुकले म्हणून बाकीची कामे सोडणाऱ्याचे नुकसान सर्वांत जास्त होते.

आपल्या सहकाराची सुरुवातही अशीच झाली. १९५० सालच्या अखेरीस लोणीजवळ प्रवरा कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. त्याआधी विठ्ठलराव विखे पाटील भागभांडवलासाठी गावोगाव हिंडले. एकदम कारखाना कुणीच दिला नाही. एकेका शेतकऱ्याने एकेक शेअर घेतला आणि त्यातून तो उभा राहिला. धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थतज्ज्ञ सोबत होते, तरी ही पायपीट चुकली नाही.

यंदा ज्यांना एक एकर मनावर घ्यायचा आहे, त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात लागणीची खरी तारीख नोंदवावी. आमचे कर्मचारी नांग्यांच्या वेळी आणि बांधणीच्या वेळी रानात येतील. तेव्हा फुटाला किती ऊस आहेत, ते आपण दोघे मिळून मोजू.