सोनघंटा: सह्याद्रीचंच झुडूप

शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई. १८९४ मध्ये वुड्रो आणि स्टाप्फ यांनी या झुडपाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. नाव दिलं संग्राहक ना. भि. रानडे यांचं. कूळ जास्वंद-भेंडीचं. माळावर कुठेही उगवणारी पेटारी याची सख्खी नातलग, पण सोनघंटा भलतीच चोखंदळ! उत्तर पश्चिम घाटातले, आंबोलीसारखे, मोजकेच डोंगरउतार तिला मानवतात. पावसाळा सरल्यावर खाली झुकलेली, लालसर शिरांची नारिंगी-पिवळी फुलं लागतात. बिया गोळा करून रोपवाटिकेत रोपं करता येतीलही, पण आधी राखायला हवा तो उतार. जागा इतक्या थोड्या आणि विखुरलेल्या, की एखादा वणवा किंवा कोसळलेली दरड तिथली सगळी झुडपं संपवू शकते.