हॉकी द्या, पण डावखुरी!

दोस्तांनो, दुकानदार व्हायला काय लागतं? गल्ल्यावर बसायचं, मागेल ती वस्तू काढून द्यायची, पैसे घ्यायचे, सुटे परत करायचे. झालं! असं तुम्हाला वाटत असेल, तर चला, एक गंमत करू. सुट्टीतला एक महिना तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाजवळ, खेळाच्या साहित्याच्या एका दुकानात बसायला गेलात असं समजा. दुकान आपल्या मनातलं आहे. गिऱ्हाइकं मात्र तशीच, जशी रोज कुठल्या ना कुठल्या काउंटरसमोर उभी असतात.

हा चौक म्हणजे शहराचं नाकच. जालना रोडची गर्दी, उड्डाणपूल, आणि शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. २०२२ साली तो नव्यानं, चांगल्या उंच चौथऱ्यावर बसवला. जवळच काळा चबुतरा आहे. १८५७ च्या उठावात इथल्या घोडदळातल्या ज्या शिपायांना प्राण गमवावे लागले, त्यांची आठवण तो देतो. अशा जागी दुकान म्हणजे सगळ्या गावाची माणसं येणार. घाईतली, तापलेली, हसरी, रुसलेली.

दुकानाच्या मालकांना आपण काका म्हणू. पहिल्या दिवशी काका एवढंच सांगतात, "गिऱ्हाईक ओरडलं की आधी त्याच्या हाताकडं बघायचं. हातात काय आहे ते कळलं, की का ओरडतंय तेही कळतं." तुम्ही मान हलवता. कळलेलं काहीच नसतं.

आणि बरं का, इथं स्टिकला कुणी स्टिक म्हणत नाही. खेळही हॉकी आणि काठीही हॉकीच!

पहिलेच गिऱ्हाईक येतात ते एक गृहस्थ. सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा. "डावखुरी हॉकी आहे का? तीन दुकानं फिरलो. एकाकडं नाही. तुम्ही लोक माल ठेवतच नाही. क्रिकेटचं सगळं मिळतं, आमच्या पोरालाच काही नाही!"

तुम्हाला हसू येईल. ते मात्र आवरा. कारण डावखुरी हॉकी दुकानात सहसा मिळतच नाही. नियमच तसा आहे. स्टिकची डावी बाजू सपाट आणि उजवी गोलसर. खेळायचं ते सपाट बाजूनं. उलट्या बाजूनं सपाट केलेली स्टिक सामन्यात चालतच नाही. हे तुम्ही "अहो, एवढंही माहीत नाही?" अशा सुरात सांगितलंत, तर ते चौथ्या दुकानात जातील आणि तिथंही भांडतील.

काका काय करतात पाहा. ते वडिलांशी बोलतच नाहीत. मुलाच्या हातात एक स्टिक देतात. "डावा हात वर धर. उजवा खाली. आता वरच्या हातानं नुसतं मनगट फिरव." स्टिक भर्रकन उलटी होते, पुन्हा सुलटी होते. "बघा साहेब, हॉकीत स्टिक फिरवायचं काम वरच्या डाव्या हाताचं. उजव्या हाताच्या पोरांना हेच शिकायला वेळ लागतो. तुमच्या पोराचा तर डावा हातच चलाख." वडिलांचा चेहरा क्षणात बदलतो. ज्या मुलाला जेवताना, लिहिताना, प्रसाद घेताना "उजव्या हातानं" असं दिवसातून दहा वेळा ऐकावं लागतं, त्याच्या बापाला हे पहिल्यांदाच कुणीतरी चांगलं सांगितलेलं असतं. ते भांडत होते ते स्टिकसाठी नव्हतंच.

मग एक काकू येतात. "थोरली द्या. दोन वर्षं चालली पाहिजे." गणवेश आपण असाच घेतो ना? दोन बोटं जास्त ठेवून, खाली दुमड घालून. पण स्टिकला दुमड घालता येत नाही! मुलीला बूट घालून सरळ उभं करायचं, स्टिक पायाशेजारी उभी धरायची. वरचं टोक कमरेच्या हाडापाशी आलं की माप साधारण बरोबर. फार लांब झाली, तर फटका मारताना तेच टोक पोटात लागतं, आणि मुलगी वाकायचं सोडून ताठ उभी राहून खेळायला लागते. ही सवय पुढं जाता जात नाही. एखादा इंच जास्त चालेल, तीन-चार इंच नाही.

काकू ऐकतात, पण पटत नाही. पटणार कसं? पुढच्या वर्षी पुन्हा पैसे काढायचे आहेत, ते त्यांना. इथं शहाणपण शिकवण्यापेक्षा स्वस्तातली, मापाची, लाकडी स्टिक समोर ठेवणं बरं. महागडी गळ्यात मारायला विक्रेत्याला मोह होतो खरा. पण त्या मोहामुळेच पुढच्या वर्षीचं "अवघड गिऱ्हाईक" तयार होतं, हे लक्षात ठेवा.

आता जरा मोठा प्रसंग. शनिवारची दुपार, दुकानात गर्दी. एक तरुण दाणकन तुटलेली स्टिक काउंटरवर आपटतो. "चार दिवस झाले घेऊन! उद्या सामना आहे. पैसे परत करा नाहीतर बघतोच!" सगळं दुकान गप्प. तुमचे कान लाल. काय कराल?

आठवतंय? हाताकडं बघा. तुटलेली स्टिक हातात घ्या आणि नीट पाहा, डॉक्टर पाहतात तशी.

जुन्या पद्धतीची लाकडी स्टिक दोन तुकड्यांची असते. खालचं वळण तुतीच्या लाकडाचं. तुतीचं लाकूड चिवट, वाकवलं तरी पटकन तडकत नाही. वरची मूठ वेताची, मध्ये रबराच्या पट्ट्या, म्हणजे चेंडूचा धक्का हाताला कमी बसतो. ही मूठ खालच्या लाकडात पाचर ठोकल्यासारखी बसवून चिकटवलेली असते. आपल्याकडं अशा स्टिका बनवण्यासाठी जालंधर आणि मेरठ ही गावं नावाजलेली. फाळणीच्या वेळी सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधरला हा धंदा वाढवला. आता मोठ्या सामन्यांत कार्बन आणि काचतंतू वापरून केलेल्या स्टिका असतात. पण शाळेच्या मुरमाड मैदानावर लाकडी स्टिक अजून बरी. खडीवर घासून महागड्या स्टिकची पार दशा होते.

तर आता बघा. स्टिक त्या जोडावर उकलली आहे का? आत गोंद कोरडा, वेत सुटा? मग दोष बनवणाऱ्याचा. की खालचं टोक ठेचलं आहे, त्यावर दगडाच्या खुणा आहेत, कडेला दुसऱ्या स्टिकचे घाव आहेत? मग ती वापरून तुटली. तिसरंही असू शकतं. चेंडूऐवजी कुणीतरी तिनं विटा फोडल्या असतील!

समजा, जोड उकलला आहे. तर मित्रांनो, तो तरुण कितीही ओरडत असला तरी तो बरोबर आहे. ओरडणं वेगळं आणि चूक असणं वेगळं. पुष्कळ दुकानांत बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असे, काही ठिकाणी अजून असतं. पण सदोष मालाच्या बाबतीत त्या ओळीला काही अर्थ नाही. १९८६ साली आपल्याकडं ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला, तो जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिल न देणं हीसुद्धा! तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. आपल्या महाराष्ट्राला याचं कौतुक असायला हवं, कारण कायदा व्हायच्या कितीतरी आधी, १९७४ साली, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं.

मग काका शांतपणे म्हणतात, "दादा, जोड सुटलाय. दोष मालाचा आहे. दुसरी घेता की पैसे?" तरुण गडबडतो. त्यानं अजून दहा मिनिटं भांडायची तयारी केलेली असते! ती सगळी वाया जाते. "दुसरीच द्या," तो पुटपुटतो. "उद्या सामना आहे ना."

आणि टोक ठेचलेलं असतं तर? तर काका परत घेत नाहीत, पण "तुम्ही खोटं बोलताय" असंही म्हणत नाहीत. घाव दाखवतात. बोट ठेवून, एकेक. पुरावा बोलू लागला की आवाज आपोआप खाली येतो. नेहमी येतोच असं नाही म्हणा. एखादा शिव्या देऊन जातोच. त्याला जाऊ द्यायचं. पाठीमागून काही बोलायचं नाही, कारण उरलेली सहा गिऱ्हाइकं तुमच्याकडंच बघत असतात.

"ग्राहक नेहमीच बरोबर असतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. शिकागो आणि लंडनच्या मोठमोठ्या दुकानांतून ते शंभर वर्षांपूर्वी जगभर पसरलं. मार्शल फील्ड आणि गॉर्डन सेल्फ्रिज या दुकानदारांची नावं त्याला जोडतात. मला विचाराल तर ते वाक्य सोयीचं आहे, खरं नाही. आता हेच बघा ना. एक जण अर्धा तास दहा स्टिका फिरवून बघतो, आवडलीचा मोबाइलवर फोटो काढतो आणि "ऑनलाइन स्वस्त मिळेल" म्हणून निघून जातो. यात बेकायदा काही नाही. पण त्या अर्ध्या तासात माप शिकवलं कुणी? दुसरा एक येतो, सोळा स्टिका घेतो आणि हळूच म्हणतो, "बिल वीसचं करा, तुमचंही बघू." याला उत्तर एकच. घेतल्या सोळा, बिल सोळाचं. हे गिऱ्हाईक मोठं असतं, ते गेलं तर महिन्याचा धंदा बसतो. तरीही सोळाच.

पण सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक कोणतं, सांगू? ते ओरडत नाही. घासाघीसही करत नाही.

संध्याकाळची वेळ. दिवे लागलेत. चार मोठी मुलं येतात, कॉलेजातली असावीत. एक जण बाहेर गाडी चालूच ठेवतो. "दोन हॉकी द्या. जाड बघून." तुम्ही विचारता, "माप?" "कोणतंही." "चेंडू देऊ?" "चेंडू नको." तुम्ही किंमत सांगता, ते नोटा काढतात. इतकं सोपं गिऱ्हाईक दिवसभरात भेटलेलं नसतं!

थांबा. नोटांना हात लावू नका. आतल्या खोलीतून काकांना बोलवा.

हॉकीची स्टिक नियमानं ७३७ ग्रॅमपर्यंत वजनाची असू शकते. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा कठीण. त्याला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धाडणारी ही वस्तू आहे. तीच माणसाच्या डोक्यात बसली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

काका येतात. चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. "या या. कुठल्या मैदानावर खेळता? कोण शिकवतंय? जरा सरळ उभे राहा, माप बघू." एक मुलगा चिडतो, "काका, तुम्हाला काय करायचंय? पैसे देतोय ना?" काका म्हणतात, "देताय ना. पण मापाशिवाय मी हॉकी विकत नाही. उद्या सकाळी या, बूट घालून या, चहा पिऊ, दोन चांगल्या काढून ठेवतो." मुलं एकमेकांकडं पाहतात. एक जण काउंटरवर थाप मारतो. "क्या काका, धंदा नहीं करना क्या?" काका हसतात, "करना है बेटा, कल सुबह." आणि हात काउंटरवर पसरून उभे राहतात, जणू गोलरक्षकच.

ती निघून जातात. सकाळी येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, त्यांनी दुसऱ्या दुकानातून घेतली असेल तर? घेतली असेलही. काकांनाही तेच वाटतं. त्या रात्री ते शटर ओढताना काही बोलत नाहीत आणि सकाळी पेपर आला की आधी शहराचं पान उघडतात. पण रागाला रात्रभर थांबावं लागलं तर तो पुष्कळदा विझतो, एवढं त्यांना इतक्या वर्षांत दिसलेलं आहे. असा प्रसंग आला तर एकट्यानं शूरपणा मात्र करू नका. मोठ्यांना बोलवा, हीच तुमची कामगिरी.

आणखी एक गिऱ्हाईक राहिलं. ते रोज येतं. वय असेल तुमच्याएवढंच. काही घेत नाही. वरच्या फळीवरची हॉकी खाली काढायला लावतं, हातात तोलतं, किंमत विचारतं (कालचीच!), आणि शेवटी चिकटपट्टीचं एक वेटोळं घेऊन जातं. घरची स्टिक मधोमध चिरलेली आहे, तिला गुंडाळायला. तिसऱ्या दिवशी तुम्ही वैतागता. "घ्यायची नाही तर कशाला काढायला लावतोस रे?"

काका तुम्हाला बाजूला घेतात आणि पुण्याजवळच्या खडकीची गोष्ट सांगतात. तिथं दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत एक मुलगा मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळायचा. धनराज पिल्ले त्याचं नाव. पुढं तो १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिंपिक खेळला, भारताचा कर्णधार झाला. "आता हा पोरगा धनराज होईल का, मला काय माहीत," काका म्हणतात. "बहुतेक नाही होणार. पण पट्टी कशी गुंडाळायची ते तरी त्याला नीट दाखव. तो वरून खाली गुंडाळतोय. खालून वर आण, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढव आणि पट्टी ताणून धर."

तर उद्या दुपारी चारच्या सुमाराला तो येईल. स्टूल जवळ सरकवून ठेवा. वरच्या फळीवरची ती निळी हॉकी त्यानं अजून हातात घेतलेली नाही.