सल्ल्याच्या खिडकीमागे विद्यार्थी बसला तर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. पूर्वी विषय निवडले की तीन वर्षांचा रस्ता ठरलेला असे. आता मेजर, मायनर, खुले विषय, कौशल्याचे विषय, प्रत्येकाचे क्रेडिट वेगळे, शिवाय त्यांचा हिशेब ठेवणारे एबीसी खाते. पहिल्या वर्षानंतर थांबले तर काय मिळते, मायनर बदलता येतो का, एटीकेटी लागली तर क्रेडिटचे काय, हे प्रश्न घेऊन विद्यार्थी कार्यालयाच्या खिडकीशी जातो. तिथला कर्मचारी परीक्षा अर्ज, बोनाफाईड आणि शिष्यवृत्तीच्या फायलींत गुंतलेला असतो. मग उत्तर मिळते ते व्हॉट्सॲप ग्रुपवर, एखाद्या सीनियरकडून. म्हणजे विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना सल्ला देण्याची पद्धत आजही चालूच आहे. तिला प्रशिक्षण नाही आणि जबाबदारीही नाही, एवढेच.

याच रचनेत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी, म्हणजे ओजेटीसाठी, ४ क्रेडिट राखलेले आहेत. तासांत मोजले तर १२०. हे तास कुठे भरायचे, हा कला शाखेच्या आणि लहान गावांतल्या विद्यार्थ्यांपुढचा खरा पेच आहे. अशा वेळी विद्यापीठाचे विद्यार्थी सुविधा केंद्र किंवा महाविद्यालयाचा मार्गदर्शन कक्ष हे कामाचे ठिकाण का धरू नये? इथले काम वरवर सोपे दिसते, पण ‘विषय बदलायचा आहे’ म्हणणाऱ्या मुलीची अडचण पुष्कळदा विषयाची नसते. फी थकलेली असते, बसची वेळ जुळत नसते, किंवा मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजीतले व्याख्यान डोक्यावरून जात असते. विचारलेल्या प्रश्नामागचा प्रश्न ओळखणे, परिपत्रकाची बोजड भाषा साध्या मराठीत सांगणे, योग्य टेबलाकडे पाठवणे आणि त्याची नोंद ठेवणे, ही कौशल्ये बँकेत, तहसील कचेरीत, रुग्णालयात, सगळीकडे लागतात.

यावर पहिला आक्षेप फुकटच्या मजुरीचा, आणि तो रास्त आहे. रिकाम्या पदांना ठिगळ म्हणून शिकाऊ मुले वापरली जाण्याची भीती खरी आहे. म्हणून काम मोजके हवे, शिकवणारा अनुभवी कर्मचारी नेमलेला हवा आणि मानधनही हवे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधर प्रशिक्षणार्थीला दरमहा १०,००० रुपये देण्याचे सरकारने ठरवले. म्हणजे शिकाऊ माणसाच्या कामाला मोल असते, हे तत्त्व मान्य झालेलेच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ची परंपरा असलेल्या राज्याला ते नवे वाटू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चुकीच्या सल्ल्याने कुणाचे वर्ष वाया गेले तर? आणि खासगी माहिती बाहेर फुटली तर? याला उत्साह पुरत नाही, हद्द आखावी लागते. शिकाऊ विद्यार्थ्याने नियम दाखवावा, आश्वासन देऊ नये. गुणपत्रके, जातीचे दाखले, थकबाकी यांच्या नोंदी त्याच्यासमोर उघडूच नयेत. मन खचलेला कुणी आला तर त्याला समुपदेशकाकडे न्यावे आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हाताशी ठेवावा. समुपदेशन स्वतः करू नये. (चुका कायम कर्मचाऱ्यांच्याही होतात; त्यांना जाब विचारायला सहसा कुणी जात नाही.)

ओजेटीसाठी कंपन्यांच्या याद्या फिरवणाऱ्या प्राचार्यांनी यंदा त्या यादीत आपल्याच कार्यालयाचे नाव घालावे, आणि त्याआधी तिथे शिकवायला कोण बसणार, ते ठरवावे.