वीज काढलेलं पाणी

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो. पोपटाची मान मुरगळली, की राक्षस खलास! चंडीगडलाही ज्याची वीज मिळते, ते भाक्रा धरण 1963 मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. त्या काळात पंजाबात काहींनी पाण्यालाही हाच नियम लावला, असं सांगतात. वीज काढून घेतली, मग त्या पाण्यात सत्त्व कुठलं उरणार? पीक कसं पोसणार?

हसू नका, शंका पोटाची होती. पण वीज पाण्यात नसतेच. 226 मीटर उंच धरणामागे अडवलेलं सतलजचं पाणी जोरात खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि पुढे कालव्याला लागतं. खर्ची पडते ती फक्त उंची. पंजाब-हरियाणाचा गहू याच पाण्यावर पिकला.