गलोलीतला दगड आणि सूत्रातला 'अर्धा'

आज आपण गलोल हातात घेऊ. काही ठिकाणी हिला बेचकी म्हणतात. रबर ताणताना आपण केलेलं काम त्यात साठतं आणि सोडल्यावर दगडाच्या वेगात उतरतं. किती, ते मोजू.

दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली रबराला हळूच टांगा. तिचं वजन साधारण २० न्यूटन. समजा, रबर १० सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मीटर लांबलं. २० ला ०.१ ने भागा : २०० न्यूटन प्रति मीटर. हा झाला रबराचा बल-स्थिरांक.

आता याच रबरानं दगड मारायचा. पुष्कळ विद्यार्थी इथेच चुकतात. बल २०, अंतर ०.१, गुणाकार २ ज्यूल, असं लिहून मोकळे होतात. पण ओढायला लागलो तेव्हा बल शून्य होतं, शेवटी २० झालं. म्हणजे सरासरी १०. म्हणून साठलेली ऊर्जा १ ज्यूल. सूत्रातला 'अर्धा' येतो तो इथून :

ऊर्जा = १/२ × स्थिरांक × (ताण)²

दुसरी चूक एककांची. ताण ०.१ ऐवजी १० लिहिला, तर उत्तर येतं १०,००० ज्यूल. एवढ्या ऊर्जेत एक टनाची मोटार एक मीटर उचलता येईल! उत्तर आलं की ते शक्य आहे का, एवढं स्वतःला विचारा.

दगड १० ग्रॅमचा, म्हणजे ०.०१ किलोचा. गतिज ऊर्जा = १/२ × वस्तुमान × (वेग)². ती १ ज्यूल धरली, तर वेगाचा वर्ग २०० आणि वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजेच ताशी ५० किलोमीटर. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण काही ऊर्जा रबर तापण्यात आणि रबर स्वतः हलण्यात जाते.

रबर दुप्पट ताणलं तर? वेग दुप्पट, पण ऊर्जा चौपट. दगड कुणाच्या डोळ्यावर बसला, तर इजा करते ती ही ऊर्जा. म्हणून नेम धरायचा तो रिकाम्या डब्यावरच.

हाच वर्ग रस्त्यावरही भेटतो. स्कूटर ताशी ३० ऐवजी ६० ने चालवली, तर ब्रेक तेवढ्याच जोरानं लागूनही थांबायला चौपट अंतर लागतं. परीक्षेत वर्ग विसरलात तर दोन गुण जातील. रस्त्यावर विसरू नका.